ग्रंथालयाच्या तळघरातली भिंत: डार्टमथमधलं ओरोस्को प्रकरण

जाडजूड ग्रंथांच्या बिछान्यावर एक सांगाडा बाळंत होतोय. सुईणीच्या जागी दुसरा सांगाडा, आणि त्याने उचलून धरलेलं मूलही सांगाडाच. जीव एवढासा, पण डोक्यावर पदवीदानातली चौकोनी टोपी. मागे प्राध्यापकांची रांग उभी आहे. अंगात समारंभाचे झगे आणि चेहऱ्यावर, म्हणजे कवटीला चेहरा म्हणायचं असेल तर, कामकाज नियमानुसार पार पडल्याचं समाधान. त्यांच्या पाठीमागे सगळं पेटलेलं आहे. एकही जण वळून बघत नाही. खाली पुस्तकांच्या शेजारी काचेच्या हंड्यांमध्ये असेच काही मृत गर्भ जपून ठेवले आहेत.

चित्राचं नाव ‘आधुनिक जगाचे देव’, चित्रकार मेक्सिकोचे होसे क्लेमेंते ओरोस्को. चित्र चौकटीत टांगलेलं नाही, भिंतीच्या गिलाव्यातच मुरलेलं आहे. आणि भिंत आहे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर या छोट्या गावी, डार्टमथ कॉलेजच्या बेकर ग्रंथालयात. मुलं परीक्षेची पुस्तकं घ्यायला जिथे येत आणि जिथेच वाचत बसत, बरोबर त्या खोलीत. (नावात ‘कॉलेज’ असलं तरी डार्टमथ हे विद्यापीठच आहे. जुनं नाव सोडायचं नाही, हा तिथला पिढीजात हट्ट.)

आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांच्या ग्रंथालयांत संस्थापकांची तैलचित्रं असतात, एखादी सरस्वती असते, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी असते. ती कुणाला खटकत नाहीत आणि खरं सांगायचं तर कुणी बघतही नाही. डार्टमथने मात्र १९३० च्या दशकातल्या ऐन मंदीच्या काळात, एका परदेशी चित्रकाराकडून, स्वतःच्याच प्राध्यापकांना सांगाड्यांच्या रांगेत उभं करणारं चित्र काढून घेतलं आणि ते आजतागायत ठेवलं. नुसतं हे धाडस सांगायचं असतं तर लेख इथेच आटोपला असता. पण त्याच संस्थेत त्याच सुमारास आणखी दोन कलाकृती लागल्या होत्या, आणि त्या दोन्ही आता उतरवल्या गेल्या आहेत. राहिली कोणती, गेल्या कोणत्या आणि का, हे या प्रकरणात बघायचं आहे.

भिंत मिळाली कशी

१९२८ मध्ये बेकर ग्रंथालय बांधून झालं. लाल विटा, पांढऱ्या खिडक्या, वर उंच मनोरा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य कोपऱ्यात, शोभेल असं जुन्या वळणाचं देखणं काम. पुढच्याच वर्षी शेजारी कला विभागाची इमारत, कार्पेंटर हॉल, उभी राहिली. तिथले विभागप्रमुख आर्टेमस पॅकार्ड आणि तरुण प्राध्यापक चर्चिल लेथ्रप यांच्या डोक्यात एकच घोळत होतं: भित्तिचित्र कसं काढतात हे मुलांना पुस्तकात दाखवण्यापेक्षा भिंतीवरच दाखवावं.

त्या काळात भित्तिचित्र म्हटलं की मेक्सिको. तिथल्या क्रांतीनंतर सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या ताब्यात दिल्या गेल्या होत्या आणि दिएगो रिव्हेरा, सिकेरोस, ओरोस्को ही तीन नावं जगभर गाजत होती. ओरोस्को १९२७ पासून अमेरिकेतच होते. १९३० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या भोजनगृहात त्यांनी प्रोमिथियस रंगवला होता, पाठोपाठ न्यूयॉर्कमध्येही काम केलं होतं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, डोळ्यांवर जाड भिंगांचा चश्मा, आणि डावा हात मनगटापासून नाही. तरुणपणी बंदुकीच्या दारूच्या स्फोटात तो गेला होता. हा माणूस पुढे जवळजवळ ३,२०० चौरस फूट भिंत एका हाताने रंगवणार होता.

पैसे कुठून आले, हे या प्रकरणात चित्राइतकंच महत्त्वाचं आहे. कॉलेजकडे रॉकफेलर घराण्याकडून आलेला एक निधी होता. नेल्सन रॉकफेलर हा १९३० चा इथलाच पदवीधर. पण तो निधी सजावटीसाठी नव्हता, शिकवण्यासाठी होता. त्यामुळे ओरोस्को आले ते कंत्राटदार म्हणून नाही, शिक्षक म्हणून. १९३२ च्या मे महिन्यात त्यांनी प्रात्यक्षिक म्हणून कार्पेंटर हॉल आणि ग्रंथालय यांना जोडणाऱ्या बोळात एक छोटं चित्र काढलं: यंत्रांच्या भंगारातून हात वर करत सुटून निघणारा माणूस. ते काम चालू असताना त्यांची नजर ग्रंथालयाच्या तळघरातल्या लांबलचक वाचनखोलीवर पडली. मधोमध पुस्तकं द्यायचा काउंटर, दोन्ही बाजूंना पसरलेले दोन पंख, भिंती कोऱ्या. बोळातलं चित्र बाजूला पडलं आणि गोष्ट भलतीकडे वळली.

ही खोली म्हणजे राखीव पुस्तकांची. एखाद्या विषयाला नेमलेलं पुस्तक प्राध्यापक इथे ठेवून घेत आणि मुलांना ते थोड्या वेळापुरतं मिळे, बसून वाचायचं आणि परत करायचं. म्हणजे गणिताचा असो की इतिहासाचा, ज्याला पास व्हायचंय त्याला या खोलीत यावंच लागे. चित्रकाराला असा प्रेक्षक शोधूनही मिळत नाही. कलादालनात हौशी माणूस जातो. इथे ज्याला चित्रांशी काडीचं देणंघेणं नाही तोही रोज येणार होता.

आधी ठरला होता तो विषय ग्रीक पुराणातला, डीडलसचा. यंत्र बनवणारा, उडणारा, शिक्षित मंडळींना पचणारा. ओरोस्कोंनी तो बाजूला ठेवला आणि अमेरिका खंडाचीच पुराणकथा मांडायचं ठरवलं: केत्साल्कोआत्ल हा देव येतो, माणसांना शेती, शिल्प, आकाशाचं ज्ञान देतो, माणसं त्याला नाकारतात, तो परत येण्याचं भाकीत करून निघून जातो, आणि मग त्याच्या जागी येतो चिलखत घातलेला स्पॅनिश सेनानी कोर्तेस. विषय असा मुळातून बदलला तरी कॉलेजने हरकत घेतली नाही.

चालत बघायचं चित्र

पश्चिमेच्या पंखात कोर्तेसच्या आधीचं जग, पूर्वेच्या पंखात नंतरचं. एकूण २४ चित्रफलक. पण ही शाळेच्या इतिहासातल्या तक्त्यांसारखी मालिका नाही. चित्रात नेहमी कल्पना असते, गोष्ट नसते, असं ओरोस्कोंनी स्वतःच या कामाविषयीच्या निवेदनात लिहिलं होतं, आणि खोलीची रचनाही तेच सांगते. दोन पंख समोरासमोर ठेवलेल्या आरशांसारखे आहेत. एका टोकाला अ‍ॅझ्टेकांचा नरबळी: बळी आडवा, भोवती मुखवटे घातलेले पुजारी. दुसऱ्या टोकाला आधुनिक नरबळी: झेंडे, पुष्पचक्रं आणि भाषणं यांच्याखाली गाडलेला अनाम सैनिक. इकडे जुन्या देवांची सभा, तिकडे सांगाडे-प्राध्यापकांची.

मूळ रहिवाशांचं जग निष्पाप आणि गोऱ्यांचं पापी, अशी सोपी वाटणी ओरोस्कोंनी केलेली नाही. पहिल्याच भिंतींवर भाले आहेत, रक्त आहे, हिंस्र मुखवटे आहेत. रिव्हेराच्या चित्रांत जुना मेक्सिको पुष्कळदा जत्रेसारखा रंगीबेरंगी दिसतो. ओरोस्कोंना तो पुळका नाही. त्यांचा राग सर्वपक्षीय आहे. ‘इंग्रजी अमेरिका’ या फलकात एक उंच, ताठ, कोरड्या चेहऱ्याची शिक्षिका आहे, भोवती एकसारखी दिसणारी मुलं आणि गावसभेला जमलेली शिस्तशीर माणसं. सगळं स्वच्छ, सगळं नेटकं, आणि जीव गुदमरेल असं. शेजारच्या ‘स्पॅनिश अमेरिका’मध्ये बंदूक घेतलेला शेतकरी बंडखोर एकटा ताठ उभा आहे, भोवती सेनापती, सावकार, सोन्याच्या पिशव्यांवर झेपावणारी मंडळी, आणि त्याच्या पाठीत खुपसायला उचललेला सुरा. त्या पंखाच्या शेवटाकडे ख्रिस्त आहे, पण कसा? हातात कुऱ्हाड, शेजारी स्वतःच तोडून पाडलेला क्रूस, मागे तोफा आणि सगळ्या धर्मांच्या मूर्तींचा भंगारासारखा ढीग. त्या ढिगात बुद्धही आहे.

मला सर्वांत हुशार वाटतो तो मात्र काउंटरसमोरचा, मधला तुकडा. तिथे ना देव, ना सांगाडे. अर्धवट उभ्या राहिलेल्या बांधकामासमोर एक सावळा कामगार आडवा होऊन पुस्तक वाचतोय. पुस्तक मागायला रांगेत उभ्या असलेल्या, बहुतांशी सुखवस्तू घरांतून आलेल्या मुलांच्या समोर, वाचणारा कामगार. बाकी सगळ्या भिंतींवर आरडाओरडा आहे. इथे कुणी काही बोलत नाही.

तंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा वाद त्यावर येऊन ठेपतो. आपल्या अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत. रंग डिंकासारख्या माध्यमाने वर बसतो आणि गिलाव्यापासून सुटूही शकतो. ओरोस्कोंची पद्धत ओल्या चुन्याची. सकाळी गवंड्याने त्या दिवसापुरता ताजा गिलावा द्यायचा, तो ओला असेतो नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होत जातो आणि रंग त्याच्या आत कायमचा अडकतो. गिलावा वाळला की दिवस संपला. चुकलं तर तो भाग खरवडून पुन्हा. नीट पाहिलं तर एका दिवसाचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्या दिवसाचं कुठे सुरू झालं त्याचे सांधे भिंतीवर सापडतात. मदतीला कार्लोस सांचेस हा १९२३ चा ग्वाटेमालन पदवीधर होता. आणि हे सगळं बंद दाराआड नाही: मचाण बांधलेलं, खाली मुलं वाचतायत, वर एक हात नसलेला माणूस कोर्तेस रंगवतोय, असं दोन वर्षांच्या आसपास चाललं. काम संपलं १९३४ च्या फेब्रुवारीत.

वादळ

विरोध चित्रं पुरी होण्याची वाट बघत थांबला नाही. माजी विद्यार्थ्यांची पत्रं येऊ लागली. अमेरिकन चित्रकार मंदीत उपाशी असताना परदेशी माणसाला काम कशाला? इतक्या शालीन इमारतीत हे भडक रंग कशाला? ख्रिस्ताच्या हाती कुऱ्हाड म्हणजे धर्माची टवाळी, सैनिकाचं ते चित्र म्हणजे देशाची, आणि सगळं मिळून साम्यवाद. अमेरिकन कलाकारांची बाजू घेणाऱ्या एका समितीनेही निषेध नोंदवला.

यातले सगळेच आक्षेप मूर्खपणाचे नव्हते. बेकारीचा मुद्दा खरा होता. न्यू इंग्लंडमधल्या मुलांना केत्साल्कोआत्लशी काय देणंघेणं, हा प्रश्नही विचारण्याजोगा होता. पण त्याचं उत्तर कॉलेजच्या जन्मपत्रिकेतच होतं, त्याकडे पुढे येऊ.

अध्यक्ष होते अर्नेस्ट मार्टिन हॉपकिन्स. १९१६ पासून पदावर, देणगीदारांना सांभाळून असणारा, मुरलेला प्रशासक. कुणी त्यांना बंडखोर म्हटलं नसतं. त्यांनी काम थांबवलं नाही, फलक बदलायला लावला नाही, पडदा टाकला नाही. शिकवण्यासाठी बोलावलेल्या माणसाला शिकवू दिलं, एवढंच.

एवढंच म्हणजे किती, हे त्याच आठवड्यांत न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते पाहिलं की कळतं. रॉकफेलर सेंटरच्या मुख्य इमारतीत रिव्हेरा भित्तिचित्र काढत होते. त्यात लेनिनचा चेहरा आला. १९३३ च्या मे महिन्यात नेल्सन रॉकफेलरने तो बदलायची विनंती केली, रिव्हेराने नकार दिला. त्यांना ठरलेले २१,००० डॉलर पूर्ण देऊन मचाणावरून उतरवण्यात आलं. चित्र झाकलं गेलं आणि १९३४ च्या फेब्रुवारीत छिन्न्यांनी फोडून टाकलं. ओरोस्कोंनी हॅनोव्हरमध्ये शेवटचा हात फिरवला तोही फेब्रुवारीतच. घराणं एक, पैसा एका तिजोरीतला, चित्रकार एकाच चळवळीतले. एकाची भिंत राहिली, दुसऱ्याच्या भिंतीचा चुरा झाला.

फरक चित्रांच्या जहालपणात नव्हता. माझ्या मते ओरोस्कोंचं चित्र यजमानाला जास्त झोंबणारं आहे. लेनिन रॉकफेलरांचा शत्रू होता, सांगाडे-प्राध्यापक तर डार्टमथच्या पगारावरचे होते. फरक होता तो भिंत कुणाची आणि पैसे कशाबद्दल दिले यात. न्यूयॉर्कमध्ये मालकाने भाड्याने द्यायच्या इमारतीची शोभा विकत घेतली होती, आणि न आवडलेली शोभा त्याने उतरवली. हॅनोव्हरमध्ये चित्र हा अभ्यासक्रमाचा भाग होता. ते पुसणं म्हणजे एखाद्या शिक्षकाचा तास मध्येच बंद पाडण्यासारखं झालं असतं, आणि ते करायला शैक्षणिक संस्थेचा अध्यक्ष दहादा विचार करतो. पॅकार्ड आणि लेथ्रप यांनी हिशेबाचं खातं शिकवण्याचं ठेवलं, ही मला या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मग ती धूर्तपणाने केली असेल किंवा दुसरं खातंच नव्हतं म्हणून.

बाहेरून दादही लगेच मिळाली. अमेरिकन समीक्षक लुईस ममफर्ड यांनी १९३४ मध्येच या कामाची वाखाणणी केली. १९३६ मध्ये तरुण चित्रकार जॅक्सन पोलॉक न्यूयॉर्कहून ही भिंत बघायला येऊन गेला.

उत्तरादाखल काढलेलं चित्र

दुखावलेल्या माजी विद्यार्थ्यांत वॉल्टर बीच हम्फ्री होते, १९१४ चे पदवीधर, मासिकांची मुखपृष्ठं करणारे यशस्वी चित्रकार. त्यांचं म्हणणं, डार्टमथला ‘डार्टमथचं’ चित्र हवं. १९३० च्या दशकाअखेर, नव्या भोजनगृहाच्या तळघरातल्या ‘हॉवी ग्रिल’मध्ये त्यांनी ते काढलं. विषय: १८८५ चे पदवीधर कवी रिचर्ड हॉवी यांचं पानगोष्टीतलं गाणं. त्यात संस्थापक एलिएझर व्हीलॉक पाचशे गॅलन रम घेऊन रानात येतो आणि मूळ रहिवाशांना ‘शिक्षण’ देतो.

चित्रात झिंगलेले पुरुष आहेत, अर्धनग्न स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या हातातलं पुस्तक उलटं आहे. काही मिनिटांच्या अंतरावर ग्रंथालयात ओरोस्कोंचा कामगार पुस्तक सरळ धरून वाचत पडला होता.

आता ती जन्मपत्रिका. १७६९ मध्ये डार्टमथला मिळालेल्या सनदेत संस्थेचा हेतू म्हणून आधी उल्लेख आहे तो या भूमीवरच्या आदिवासी जमातींच्या तरुणांच्या शिक्षणाचा. त्यासाठीच्या वर्गणीकरता मोहेगन जमातीचा धर्मोपदेशक सॅमसन ऑकम इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरला होता. प्रत्यक्षात पहिल्या दोनशे वर्षांत इथून पदवी घेतलेले मूळ रहिवासी विसाच्या आत होते. पैसे त्यांच्या नावावर जमले, बाकं दुसऱ्यांनी भरली, आणि वर त्यांचीच टवाळी भोजनगृहाच्या भिंतीवर चढली. या पार्श्वभूमीवर ‘केत्साल्कोआत्लशी आमचा काय संबंध’ हा माजी विद्यार्थ्यांचा सवाल वाचला की हसावं की काय करावं ते कळत नाही. अर्धी भिंत या खंडाच्या मूळ माणसांना देणारा पहिला माणूस तिथे आला तो मेक्सिकोहून, आणि तोही योगायोगाने.

१९७० मध्ये अध्यक्ष जॉन केमेनी यांनी सनदेतलं वचन पाळायचं ठरवलं आणि मूळ रहिवासी विद्यार्थी संख्येने येऊ लागले. १९७२ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. जेवणाच्या खोलीत बसलेल्या मुलीला भिंतीवर आपल्याच आजीची अशी विटंबना दिसली तर ती काय म्हणेल, हे सांगायला आता माणसं हजर होती. ‘इंडियन’ हे खेळाच्या संघांचं चिन्ह १९७४ मध्ये गेलं. दशक संपता संपता हॉवी ग्रिलच्या चित्रांवर फळ्या ठोकल्या गेल्या. मग काही वर्षं माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला त्या फळ्या काढायच्या आणि मेळावा पांगला की पुन्हा लावायच्या, असा उद्योगही चालला. शेवटी २०१८ मध्ये चित्रं भिंतीवरून उतरवून बाहेरच्या गोदामात हलवायचा निर्णय झाला. ती नष्ट केली नाहीत. कॉलेजच्या हूड संग्रहालयाच्या ताब्यात अभ्यासासाठी ठेवली. हे मला योग्य वाटतं. जेवायला बसलेल्यावर चित्र लादणं वेगळं आणि अभ्यास करायचाय त्याला ते काढून दाखवणं वेगळं.

तिसरी कलाकृती तर ग्रंथालयाच्याच डोक्यावर होती. बेकरच्या मनोऱ्यावर १९२८ पासून तांब्याचं वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी आकृती, होतं: पाइन वृक्षाखाली व्हीलॉक, समोर जमिनीवर बसून लांब चिलीम ओढणारा मूळ रहिवासी, आणि मागे रमचं पिंप. म्हणजे बराच काळ या एकाच इमारतीच्या शेंड्यावर रमचा विनोद आणि पायथ्याशी ओरोस्को. शेंडा इतका उंच की तिथे नेमकं काय आहे हे कित्येकांच्या लक्षातही आलं नसेल. २०२० च्या जूनमध्ये ते वातकुक्कुट खाली उतरवण्यात आलं.

निर्णय कसे झाले, याकडे पुन्हा

हॉवी ग्रिलचा आणि ओरोस्कोंचा मुकाबला ‘चांगली कला विरुद्ध वाईट कला’ असा मांडला की प्रकरण सोपं होतं, आणि चुकतंही. हम्फ्री हाताचा कच्चा नव्हता. १९३९ मध्ये मतदान घेतलं असतं तर बहुतेक तोच जिंकला असता. त्याच्या चित्राने बघणाऱ्याला गोंजारलं. ओरोस्कोंच्या चित्राने बघणाऱ्यालाच आरोपी केलं. अनुभव असा की गोंजारणारं चित्र फक्त त्याच प्रेक्षकापुरतं चालतं. प्रेक्षक बदलला, मुली आल्या, मूळ रहिवासी आले, आणि विनोद कुणाच्या जिवावर होता हे उघडं पडलं. ओरोस्कोंच्या भिंतीवर मात्र नव्याने येणाऱ्यालाही भांडायला जागा होती.

आणि भांडण करण्यासारखं तिथे आहेच. केत्साल्कोआत्ल पांढरी दाढी आणि निळे डोळे घेऊन उभा आहे. मूळ रहिवाशांना ज्ञान द्यायला गोरा दिसणारा त्राता का लागावा? बायका जवळजवळ नाहीत, आणि ठसठशीत दिसतात त्या म्हणजे ती कोरडी शिक्षिका आणि बाळंत होणारा सांगाडा. एखाद्या मुलीने या दोन फलकांकडे बोट दाखवून चार शब्द सुनावले तर तिचं चूक म्हणता येणार नाही. १९३२ मध्ये हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. हॉपकिन्सनी जपलेलं स्वातंत्र्य खरं होतं, पण वाद झाला तो अध्यक्ष आणि श्रीमंत, गोरे, पुरुष माजी विद्यार्थी यांच्यात. ज्यांचा इतिहास भिंतीवर होता ते त्या खोलीतच नव्हते.

हॉपकिन्सना शूरवीर करून ठेवायलाही अडचण आहे. हॉवी ग्रिलची चित्रं लागली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. ते १९४५ पर्यंत अध्यक्ष होते. एका हाताने चित्रकाराचं स्वातंत्र्य राखलं, दुसऱ्या हाताने रागावलेल्या मंडळींना त्यांची भिंत दिली. प्रशासक असंच करतात. शिल्लक ठेवायची असते.

२०१३ मध्ये ओरोस्कोंच्या भिंतींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पूर्वतयारीची रेखाटनं हूड संग्रहालयात आहेत, त्यामुळे चित्रकाराने काय बदललं आणि काय गाळलं हे शिकवता येतं. खोली अजूनही अभ्यासाचीच आहे. टेबलं आहेत, दिवे आहेत, लॅपटॉप उघडून बसलेली मुलं आहेत.

राहता राहिला चुना आणि कॅनव्हास यांचा प्रश्न. हम्फ्रीची चित्रं कॅनव्हासवर काढून भिंतीला चिकटवलेली होती, म्हणून ती सोडवून गोदामात ठेवता आली. ओरोस्कोंची भिंत अशी हलत नाही. ती आहे तिथे ठेवायची, झाकायची किंवा फोडायची. नव्या इमारतीत कलाकृती लावायची ठरवणाऱ्या कुठल्याही विद्यापीठाच्या समितीपुढे हा निर्णय पहिल्या बैठकीतच यायला हवा, आणि तिथेच तो सहसा येत नाही: बैठकीत देणगीदाराचं नाव, उद्घाटनाची तारीख आणि पडद्याची दोरी कोण ओढणार यावर वेळ जातो. पन्नास वर्षांनी त्या खोलीत कोण बसलेलं असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. तरी ज्यांना आपण काय लावतोय याची पुरती खात्री आहे त्यांनी कॅनव्हास वापरावा, असं मी म्हणेन. खात्री नसेल आणि तरी लावायचंच असेल, तर चुना चालेल.